बॉबी फिशरची डॉक्युमेंटरी संपली, आणि मग...

आधी हा फोटो बघा. आइसलँडचं माळरान, एक बुटका घोडा, आणि तो घोडा एका उंच माणसाच्या तोंडाजवळ आपलं तोंड नेतोय, लहान पोराची पापी घ्यावी तसं. फोटो हॅरी बेन्सनचा, साल 1972. माणूस बॉबी फिशर, अमेरिकेचा बुद्धिबळपटू, तिथे रशियाच्या बोरिस स्पास्कीशी जगज्जेतेपदाची मॅच खेळायला आलेला. त्या उन्हाळ्यात सगळं जग त्याच्याकडे डोळे लावून बसलेलं, आणि त्याच्या जवळ जाऊ शकलं ते हे एवढं जनावर.

फिशरवर 2011 साली लिझ गार्बस यांनी डॉक्युमेंटरी केली, बॉबी फिशर अगेन्स्ट द वर्ल्ड. ती आम्ही पुण्यातल्या आमच्या चेस क्लासमध्ये एका रविवारी लावली, मुलं, त्यांचे आईबाबा आणि जुने खेळाडू असे पंचवीसेक जण असू. संपल्यावर अर्धा मिनिट कुणी बोललंच नाही, आणि मग जे सगळे एकदम सुटले ते घड्याळात नऊ वाजून गेले तरी थांबेनात. हा व्हिडिओ त्या गप्पांवरच आहे.

पहिलं वाक्य एका वडिलांचं. म्हणाले, बघा, म्हणूनच मी म्हणतो, अति बुद्धिबळ खेळलं की डोकं फिरतं. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि मला ते अजिबात पटत नाही. ज्याला फिशरनं हरवलं तो बोरिस स्पास्की आयुष्यभर बुद्धिबळच खेळला, आपला विश्वनाथन आनंद पाच वेळा जगज्जेता झाला, कुणाचं काय बिघडलं? आणि फिशरचं बघायचं तर 1972 नंतर वीस वर्षं तो एकही अधिकृत डाव खेळला नाही, 1975 मध्ये किताबाच्या लढतीत कार्पोवसमोर बसलासुद्धा नाही, फिडेनं म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं त्याच्या सगळ्या अटी मान्य केल्या नाहीत म्हणून किताब सोडून दिला, आणि त्याचं जे खरं वाईट झालं ते सगळं त्यानंतर. म्हणजे पट समोर होता तोवर तो निदान कशाला तरी धरून होता, असं मला तरी वाटतं.

मग त्याच्या आजूबाजूला काय होतं? ब्रुकलिनमधलं घर, वडील नाहीत, आई रेजिना एकटी दोन मुलांना वाढवतेय, आणि एफबीआय, म्हणजे अमेरिकेची तपास यंत्रणा, त्या आईवर पाळत ठेवून. सहा वर्षांचा असताना बहीण जोननं खालच्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानातून बुद्धिबळाचा सेट आणला, त्यातला कागद वाचून दोघं खेळायला शिकले. तेराव्या वर्षी डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर बळी देऊन तो डाव जिंकला, ज्याला आजही शतकाचा डाव म्हणतात. चौदाव्या वर्षी अमेरिकेचा विजेता, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, सोळाव्या वर्षी शाळा सोडली. थोड्याच दिवसांत आईही घर सोडून गेली आणि हा पोरगा त्या फ्लॅटमध्ये एकटा राहायला लागला. आमच्यातल्या एक ताई एवढंच म्हणाल्या, अहो, त्याला जेवायला कोण वाढत होतं?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण पुढे 1972 मध्ये मॅचसाठी आइसलँडच्या रेक्याविकला जायला तो तयार होईना तेव्हा एका इंग्लिश फायनान्सरनं, जिम स्लेटरनं, 1,25,000 डॉलरचं बक्षीस दुप्पट केलं, अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा सल्लागार हेन्री किसिंजरनं फोन केला, जा आणि जिंक म्हणून. 1948 पासून किताब सोव्हिएत रशियाकडे होता ना, तो आणायचा होता. माणूस सगळ्यांनाच हवा होता, पण तो पटावर हवा होता, पटावरून उठल्यावर त्याचं काय हे विचारायला कुणाला सुचलं असेल असं दिसत नाही.

आता त्या मॅचबद्दल बोलतो, कारण क्लासमधली मुलं तिथेच सरसावून बसली. पहिल्या डावात सरळ बरोबरी होती, फिशरचा उंट एक प्यादं खायला गेला आणि अडकला. हरला. दुसऱ्या डावाला कॅमेऱ्यांचा आवाज येतो म्हणून आलाच नाही. दोन-शून्य! स्पास्कीला तेव्हा बॅग भरून घरी जाता आलं असतं, कुणी काही म्हणालं नसतं, पण तिसरा डाव प्रेक्षकांपासून लांब मागच्या एका खोलीत खेळायचा हट्ट फिशरनं धरला आणि स्पास्की हो म्हणाला. तिथून मॅच फिरली.

आणि सहावा डाव. आमच्याकडे एक आजोबा येतात, मूळचे सांगलीचे, 1972 ला एकोणीस वर्षांचे होते. ते सांगत होते, आम्ही सगळे स्पास्कीच्या बाजूचे, नुकताच आपला रशियाशी मैत्रीचा करार झालेला, बांगलादेशच्या युद्धात रशिया आपल्या पाठीशी उभा राहिलेला, अमेरिकेचा माणूस जिंकावा असं कोण म्हणणार? पेपरात डाव यायचे, ते कापून ठेवायचो आणि रात्री कंदिलासमोर पट मांडायचो. सहावा डाव मांडला आणि मी बाजू विसरलो.

झालं असं की एरवी फिशर जवळजवळ नेहमी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकून सुरुवात करायचा, त्या दिवशी त्यानं वजिराकडच्या उंटापुढचं टाकलं आणि डाव क्वीन्स गॅम्बिट नावाच्या सुरुवातीत गेला, म्हणजे स्पास्कीच्या अंगणात. आणि मग हळूहळू आवळत नेलं. शेवटी शेवटी तर स्पास्कीचा वजीर नुसता शेजारच्या दोन घरांत इकडून तिकडे, तिकडून इकडे, कारण दुसरं हलवायला काही उरलंच नव्हतं. अडतिसाव्या खेळीला फिशरचा हत्ती घोड्यावर पडला, एक्केचाळिसाव्या खेळीला डाव संपला, आणि हरलेल्या स्पास्कीनं प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या. आजोबा हे सांगताना हातानं टाळी वाजवून दाखवत होते, हळू, तीनदा.

पण टाळ्यांवरूनच वाद पेटला. एक आयटीतली मुलगी उठून म्हणाली, शेवटची वीस मिनिटं तुम्ही पोरांना बाहेर का पाठवलं? कारण त्या शेवटात 1992 मधली युगोस्लाव्हियातली पत्रकार परिषद आहे, जिथे स्पास्कीशी पुन्हा मॅच खेळायला गेलेला फिशर, तिथे खेळू नकोस असं सांगणाऱ्या अमेरिकन सरकारच्या नोटिशीवर थुंकतो. 11 सप्टेंबर 2001 ला फिलिपिन्सच्या रेडिओवर तो हल्ल्याचं कौतुक करतो. आणि ज्यूंबद्दल तो जे बोलतो ते मी इथे उच्चारणार नाही, स्वतःची आई ज्यू असताना. काही जण म्हणाले, जाऊ द्या हो, आजारी होता बिचारा. ती मुलगी म्हणाली, आजारी माणसं मी घरात बघितलीयत, ती कुणाचा असा द्वेष करत नाहीत. मला तिचं म्हणणं पटलं. त्याला अमुक आजार होता असं आपण इथे बसून ठरवू नये, आणि आजाराच्या नावाखाली तो द्वेष झाकूही नये, ज्यांच्याबद्दल तो बोलला त्यांच्या कानावर ते शब्द तसेच पडलेत. पोरांना बाहेर पाठवलं ती चूक माझी होती, पुढच्या वेळी सगळी एकत्र बघतील आणि विचारतील ते विचारतील.

शेवटही पटकन सांगतो. 2004 मध्ये जपानच्या नारिता विमानतळावर पकडला, रद्द झालेल्या पासपोर्टवरून, आठ महिने कोठडीत, मग 2005 ला आइसलँडनं नागरिकत्व दिलं आणि 17 जानेवारी 2008 ला तिथेच गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. वय 64. तो जपानच्या कोठडीत असताना स्पास्कीनं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं होतं, मलाही अटक करा, त्याच्याच कोठडीत ठेवा आणि आम्हाला एक बुद्धिबळाचा पट द्या. हे वाचून दाखवलं तेव्हा आजोबांनी चष्मा काढून पुसला. स्पास्कीही गेला, 2025 च्या फेब्रुवारीत.

मुलं परत आत आली तेव्हा आजोबांनी सहावा डाव पाठ होता तसा मांडला, तेहतिसाव्या खेळीपर्यंत, आणि म्हणाले, काळ्याची खेळी आहे, शोधा, वजीर न हलवता. नऊ-दहा डोकी पटावर वाकली. साडेनऊला शटर ओढायची वेळ झाली तरी सापडली नव्हती, मग पट तसाच ठेवला आणि त्यावर एक चिठ्ठी, हलवू नये.