सा रे ग म प आणि तोंडाला कुलूप

नमस्कार. पुढच्या दोन रांगांत मुलं बसलीत हे बरं झालं. मागच्या मोठ्यांसाठी आधी एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी मी माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला एका ऑपेराला, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाला, नेलं होतं. प्रत्यक्ष नव्हे, पडद्यावर दाखवतात तसा खेळ होता. जर्मन भाषा, साडेचार तास, रंगमंचावर बहुतेक वेळ अंधार. दुसऱ्या अंकात तो माझ्या मांडीवर झोपला. घरी जाताना म्हणाला, ‘‘मावशी, ते सगळे का रागावले होते?’’ चूक त्याची नव्हती. पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्याला मी थेट कळसूबाईला नेलं होतं.

मग मुलांना ऑपेरा दाखवायची सुरुवात कुठून करायची? मोत्सार्ट या संगीतकारानं स्वतःच्या मुलाला जिथे नेलं, तिथून.

३० सप्टेंबर १७९१. व्हिएन्नाच्या उपनगरातलं एक नाटकगृह. दरबारी नव्हे, तिकीट विकून चालणारं. तिथे ‘द मॅजिक फ्लूट’चा, म्हणजे जादूच्या बासरीचा, पहिला प्रयोग झाला. संगीत मोत्सार्टचं. शब्द शिकानेडरचे, नाटकगृहही तोच चालवायचा आणि पाखरं धरणाऱ्या पापागेनोचं कामही त्याचंच. आपल्याकडचे जुने नाटक कंपनीचे मालक आठवा, म्हणजे माणूस कळेल. भाषा जर्मन, प्रेक्षकांची रोजची. मध्ये चक्क गद्य संवाद, आणि बोलता बोलता गाणं. १८८० साली किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’नं ज्यांच्या पणजोबांना वेड लावलं, त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. मुंबईकरांना तर ऑपेरा हाउस हा बसचा थांबा म्हणूनही ठाऊक आहे!

तर १३ ऑक्टोबरला मोत्सार्ट सात वर्षांच्या कार्लला आणि सासूबाईंना घेऊन खेळाला गेला. सासूबाई ऑपेरा ‘बघतील’, ‘ऐकणार’ नाहीत, अशी चेष्टा त्यानं आधीच बायकोला पत्रात लिहून ठेवली होती. कार्लला नेलं म्हणून पोरगा भारी खूश झाला, हेही त्यानं कळवलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ डिसेंबरला, मोत्सार्ट गेला.

सासूबाईंची चेष्टा झाली खरी, पण मुलं आधी बघतातच. पडदा वर जाताच राजपुत्राच्या मागे भलामोठा साप लागलेला. तीन बायका येऊन सापाला मारतात आणि निघून जातात. पापागेनो थाप मारतो, ‘मीच मारला!’ शिक्षा काय? तोंडाला कुलूप. मग पाच जणांचं गाणं सुरू होतं, त्यात सुरुवातीला याच्या वाट्याला फक्त ‘म्‌ म्‌ म्‌ म्‌’. घरी हे गाणं लावलं की माझी नात ओठांवर दोन बोटांची चिमूट धरून फिरते. तिला जर्मन कुठे येतं? पण खोटं बोलल्यावर काय होतं, ते बरोबर कळतं.

आता हार्मोनियम जरा पुढे घ्या. पापागेनोच्या गळ्यात वेळूच्या नळ्यांचा छोटा पावा असतो. तो त्यावर पाचच स्वर वाजवतो. ऐका... काय वाजलं? शाब्बास. सा रे ग म प. क्लासला जाणाऱ्या कुठल्याही मुलाला पहिल्या महिन्यात येतं ते. पहिल्या अंकाच्या शेवटाकडे राजपुत्र बासरी वाजवतो आणि दुरून, आतून, हेच पाच स्वर उत्तर देतात. मुलं खुर्चीतून उठतात. ‘तो आला!’ दिसायच्या आधी पात्र ओळखू येतं, ते स्वरांवरून. यापलीकडे वेगळं शिकवायची मला गरज वाटत नाही.

पापागेनोची घंट्यांची पेटीही असते. ती खरी वाजते आतून, नट नुसता हात हलवतो. एका प्रयोगाला मोत्सार्ट आत जाऊन स्वतःच ती वाजवायला बसला. शिकानेडर थांबलेला असताना यानं मुद्दाम स्वर छेडले. तो दचकला, आत पाहिलं तर मोत्सार्ट! पुढच्या वेळी मोत्सार्टनं वाजवलंच नाही, तर शिकानेडर अडून बसला. याने पुन्हा छेडलं, तेव्हा पेटीवर हात मारून तो ओरडला, ‘गप बस!’ थिएटर हसलं. पेटी तो वाजवत नाही, हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं, असं मोत्सार्टनंच लिहिलंय.

रात्रीच्या राणीचं गाणं मात्र एकदम लावू नका. आई मुलीच्या हातात सुरी देते आणि ‘मार माझ्या वैऱ्याला, नाहीतर तू माझी मुलगी नव्हेस’ म्हणते. मुलं त्या तानांना आधी हसतात, मग गप्प होतात. गोष्ट आधी सांगा. आणि यात बायकांबद्दल आणि एका काळ्या माणसाबद्दल जे बोललं जातं, ते ऐकवण्यासारखं नाही. मूल विचारेल. विचारू द्या, गुळमुळीत उत्तर देऊ नका.

पूर्ण खेळ अडीच-तीन तासांचा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं २००६ साली घरच्यांसाठी इंग्रजीत, साधारण शंभर मिनिटांचा केला. आपण तर आज चारच मिनिटांचा करतोय.

डाव्या बाजूची मुलं राजपुत्र. उजवीकडची पापागेनो, चिमूट ओठांवर. मी सा दिला की ‘म्‌ म्‌ म्‌’. आजोबा, तुम्हीपण. कवळी सांभाळा.