घरट्याबाहेरचे पहिले पंधरवडे

श्रोतेहो, नमस्कार.

मार्चपासून पावसाळा सुरू होऊन स्थिरावेपर्यंत मुंबईच्या सोसायट्यांमध्ये एक प्रसंग हमखास घडतो. पार्किंगच्या कोपऱ्यात, नाहीतर जास्वंदीच्या कुंडीआड बुलबुलाचं पिल्लू बसलेलं सापडतं. शेपटी बोटाच्या पेराएवढी, डोक्यावर विस्कटलेली लव, चोचीचे कोपरे पिवळे. 'पडलं बिचारं!' म्हणत कुणीतरी खोका आणतं, कुणी दूध-पाव आणतं. आईबाप मात्र समोरच्या वायरीवर चोचीत अळी धरून कलकलाट करत असतात.

ते पिल्लू बहुतेक वेळा पडलेलं नसतंच. ते आपणहून निघालेलं असतं.

शिपाई बुलबुलाची पिल्लं साधारण बाराव्या दिवशी घरटं सोडतात, दयाळाची पंधराव्याच्या आसपास, चिमणीची दोन आठवड्यांनी. तोवर पाय जवळजवळ पूर्ण वाढलेले असतात, फांदी घट्ट पकडता येते. पंख मात्र अपुरे असतात. पिसांची टोकं उमललेली, बुडं अजून नळीतच. उडता येत नसताना एवढी घाई कशाला? तीन-चार तोंडं एकाच जागी ओरडत राहिली की कावळा, मांजर किंवा भारद्वाज यांपैकी कुणालातरी पत्ता लागतो आणि सगळी वीण एका फेरीत संपते. तीच पिल्लं वेगवेगळ्या झुडपांत पांगली, तर एखादं गेलं तरी बाकीची वाचू शकतात. तरीही सर्वांत जास्त पिल्लं दगावतात ती याच पहिल्या आठवड्यात.

या दिवसांत पिल्लू बराच वेळ नुसतं बसून असतं. भूक लागली की ठरावीक अंतराने एकच सूर काढतं. त्या सुरावरून आईबाप त्याला शोधतात, कारण मघाशी भरवलं त्या फांदीवर ते आता असेलच असं नाही. म्हणून पिल्लू उचलून मागच्या विंगकडे 'सुरक्षित' नेऊन ठेवणं त्याच्या मुळावर येतं. धोक्याची हाक आली की ते जागच्या जागी थिजतं. बऱ्याच जातींत आईबाप पिल्लं वाटून घेतात. सातभाईंच्या थव्यात तर इतर सभासदही भरवतात. शिंप्याचं नवं पिल्लू रात्री कधीकधी आई आणि बाप यांच्यामध्ये चेपून झोपलेलं दिसतं.

मग चोचीची उमेदवारी सुरू होते. देठ, वाळकी पानं, भिंतीचा पोपडा, दिसेल त्यावर टोच मारून बघायचं. अळी सापडली तरी चोचीत आडवी धरली जाते, निसटते, पुन्हा उचलावी लागते. मोठा पक्षी अळी आधी फांदीवर आपटून मऊ करतो. पिल्लाला ही युक्ती साधायला वेळ लागतो. साधारण दोन-तीन आठवड्यांत आईबाप भरवणं कमी करत जातात. पिल्लू पंख फडफडवत मागे लागलं तरी त्याला टाळतात.

तेव्हा पिल्लू दिसलं की आधी पिसं बघा. अंगभर पिसं असतील आणि ते उड्या मारत असेल, तर हात लावू नका. मोकळ्या रस्त्यात असेल तरच जवळच्या झुडपात ठेवा, मांजर आत घ्या आणि दूर उभं राहून तासभर लक्ष ठेवा. उघडंनागडं किंवा डोळे मिटलेलं पिल्लू असेल, तर ते मात्र खरंच पडलेलं. त्याला घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. घरटं मोडलं असेल, तर तळाला भोकं पाडलेल्या लहान डब्यात सुकं गवत घालून तो त्याच जागी बांधा.

दूध आणि पाव अजिबात नको. चोचीत पाणीही सोडू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, थेंब सरळ फुप्फुसात जातो. मांजराने धरलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसलं तरी त्याला उपचार लागतातच, कारण दाताच्या बारीकशा छिद्रातूनही घातक जंतू आत जातात. हवा जाणाऱ्या झाकणबंद खोक्यात ठेवून त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी न्या, किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. घरी पाळायचा विचार असेल तर तो सोडा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

घरी वाढवण्यात आणखी एक नुकसान आहे, ते चटकन लक्षात येत नाही. गाणाऱ्या पक्ष्यांना गाणं जन्मतः येत नाही. पिल्लू मोठ्यांचं गाणं ऐकून ते मनात साठवतं आणि पुढे स्वतः पुटपुटायला लागतं: हलक्या आवाजात, तुटक, कुठेही सुरू होणारं आणि कुठेही थांबणारं. स्वतःचा आवाज ऐकत ते घोटतं, तेव्हा पुढे सूर बसतो. ऐकायलाच मिळालं नाही, तर गाणं बिघडतं.

कोकिळाला ही शिकवणी लागत नाही. तो कावळ्याच्या घरात, कावकाव ऐकत वाढतो आणि तरी पुढच्या उन्हाळ्यात बिनचूक कुहू करतो. पण पक्षिशास्त्राच्या वर्गीकरणात कोकीळ गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये बसतच नाही. कावळा मात्र बसतो!