काम कुठे थांबवायचं?

मंडळी, शिवण, चित्रं किंवा फोटोग्राफीची आवड असलेल्या माणसाला विचारा, उत्तर ठरलेलं असतं: आवड आहे, पण वेळ मिळत नाही. त्यावरचे उपायही ठरलेले. पहाटे उठा, मोबाइल दूर ठेवा, सुट्टीचे तीन तास राखून ठेवा. ते तीन तास सलग मिळाले तरच बसायचं असं ठरवलं, की महिनोन्‌महिने बसणं होत नाही. उलट वीस-पंचवीस मिनिटं बहुतेकांना मिळतात. ती हातची जातात, कारण मांडामांड आणि आवराआवर यांतच निम्मी संपतात, आणि मधलं काम भलत्या जागी सोडलं तर पुढच्या वेळी ते बिघडलेलं सापडतं. त्यामुळे छंदाला वेळ काढायचा, तर प्रत्येक कामात सुरक्षित थांबे कुठे आहेत हे आधी माहीत हवं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

चित्रकला आणि फोटोग्राफी हौशी माणसांच्या आवाक्यात आल्या, त्यामागेही हेच कारण होतं. पूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. पिशवीला भोक पाडून रंग काढला की उरलेला सुकायला लागायचा. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, आणि झाकण लावून काम थांबवता येऊ लागलं. फोटोग्राफीतही तसंच. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेल्या कोलोडियन पद्धतीत काचेला लेप लावणं, फोटो घेणं आणि चित्र उमटवण्यासाठी काच रसायनांनी धुणं हे सगळं लेप ओला असतानाच, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटांत उरकावं लागे. बाहेर जायचं तर अंधाराचा तंबू सोबत. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत मांडली. ती रीत सुधारत गेली तशी काच आधी तयार ठेवून सवडीने धुता येऊ लागली. एकसंध काम तीन तुकड्यांत विभागलं गेलं.

आता शिवण. इथे सलग वेळ फक्त बेतण्याला, म्हणजे कापड मापाने आखून कापायला लागतो. कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवणं हे आधीच्या कुठल्याही संध्याकाळी होतं, आणि ते टाळू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणजे शिवलेला कपडा आखूड होतो. पण कापड पसरून खडूने आखलं की त्याच बैठकीत कापा. आखलेलं कापड घडी घालून ठेवलं तर खडू पुसतो, वरचा-खालचा पदर सरकतो आणि दोन बाजू सारख्या येत नाहीत. म्हणून महिन्यातून एखादा सलग तास-दीड तास मिळाला तर तो शिवण्यात घालवू नका. त्यात दोन-तीन कपडे बेतून ठेवा.

कापून झाल्यावर लगेच थांबू नका. अजून पाच मिनिटांचं एक काम आहे आणि ते फार महत्त्वाचं आहे. गळ्याची कड गोलाकार असते, त्यामुळे तिचा बराचसा भाग उरेबमध्ये, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपा येतो, आणि उरेबमध्ये कापड ताणलं जातं. कापलेले भाग आठवडाभर हँगरवर लटकले किंवा नुसते दोन-चारदा उचलले गेले तरी गळा सैल होतो. मग पट्टी लावताना ती पुरत नाही, आणि दोष पट्टीला दिला जातो. यासाठी एकेरी कापडावर, काठाच्या अगदी आत, एक साधी टीप मारून ठेवायची. शिलाईला दीड सेंटिमीटर सोडलं असेल तर ही टीप काठापासून १.२ सेंटिमीटरवर. म्हणजे ती नंतर शिलाईच्या आत लपते, उसवावी लागत नाही. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा. एका खांद्यापासून गळ्याच्या मध्यापर्यंत यायचं, धागा तोडायचा, मग दुसऱ्या खांद्यापासून पुन्हा मध्यापर्यंत. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत एका दमात गेलात तर कापड एकाच दिशेला ओढलं जातं. एवढं केलं की भाग सपाट घडी करून एका पिशवीत ठेवा. त्याच रंगाच्या धाग्याने भरलेल्या दोन बॉबिन (मशीनमध्ये खालच्या धाग्याची छोटी रिळं) आणि कापडाला योग्य सुईही त्यातच. मध्यम सुती कापडाला ८० किंवा ९० नंबरची सुई चालते, तलम कापडाला ७०.

यानंतर प्रत्येक वीस मिनिटांत एक शिलाई: टीप मारा, इस्त्री करा, थांबा. इस्त्री राहिली तर शिलाई पूर्ण झाली असं समजू नका, कारण पुढची टीप तिच्यावरून आडवी जाणार असते. बाहीचं मात्र अर्ध्यावर सोडू नका. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलापेक्षा, थोडा मोठा असतो. तो जास्तीचा भाग टाचण्यांनी सारखा वाटून घेतला की लगेच शिवायला हवा. हेम (खालची दुमडलेली कड), हुक, बटणं ही हातशिलाईची कामं वेगळ्या डबीत ठेवा. त्यांना दहा मिनिटंही पुरतात.

घाईत हमखास होणारी एक चूक: प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असताना धागा ओवणं. फूट खाली असला की धाग्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्यात बसत नाही आणि कापडाखाली गुंता होतो. गुंता खाली दिसतो म्हणून लोक बॉबिन काढून बघत बसतात. फूट वर करून वरचा धागा पुन्हा ओवा, बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

चित्रकलेत माध्यम निवडतानाच थांब्याचा विचार करा. जलरंग सर्वांत सोयीचे. वडीतला सुकलेला रंग पाण्याने पुन्हा जागा होतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद, पोस्टकार्डाएवढा आकार आणि चारही कडांना मास्किंग टेप एवढी तयारी पुरते. पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दिला की उठा. धोका अर्धवट ओल्या वॉशमध्ये असतो. चमक गेलेली दिसते, कागद वाळला असं वाटतं, पण तळहाताची मागची बाजू जवळ नेली की गारवा लागतो. त्यावर ओला ब्रश टेकवला की नवं पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग उमटतो. तो खोडायला गेलात तर कागदाचा पृष्ठभाग सोलतो. वेळ थोडा असलेल्या माणसाला इथे उलट फायदा आहे: दोन थरांमध्ये एक दिवस आपोआप जातो.

ॲक्रिलिक वाळला की पुन्हा विरघळत नाही. त्यासाठी झाकणाचा उथळ डबा घ्या, तळाशी पातळ स्पंज भिजवून ठेवा, वर बेकिंगचा कागद आणि त्यावर रंग. झाकण लावल्यावर रंग काही दिवस मऊ राहतो. स्पंजवर पाणी साचलेलं नको, नाहीतर रंग पातळ होऊन एकमेकांत मिसळतात. ब्रश मात्र लगेच धुवायचा. तैलरंग दिवसेंदिवस ओले राहतात, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी काम करायला छान. पण जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ठेवून कधीही उठू नका. ते तेल हवेशी संयोग होऊन घट्ट होतं, त्यात उष्णता निघते आणि चोळामोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकं बाहेर मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवा.

फोटोग्राफीत वेळ खाते ती निवड. फोटो घ्यायला एक खिडकी पुरते. वस्तू तिच्यापासून मीटरभरावर ठेवा, सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, खोलीतले दिवे बंद करा. दिवा चालू राहिला तर वस्तूची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळा: बल्बचा प्रकाश साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा, दिवसाचा ५५०० च्या आसपास. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची कॅमेऱ्याची जुळवणी, एका वेळी एकालाच जुळतो. निवड त्याच दिवशी करा, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त हललेले, फोकस चुकलेले, डोळे मिटलेले फोटो काढून टाका. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांतले चांगले निवडा. एकाच फेरीत दोन्ही करायला गेलं की प्रत्येक फोटोवर रेंगाळणं होतं आणि कार्ड महिनाभर तसंच पडून राहतं. कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती आहेत ना, ते बघा.

आणि खंड पडणारच, तर त्याचीही तयारी हवी. मोठ्या खंडाआधी कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी काढून निम्मी भरलेली ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर ती कायमची निकामी होऊ शकते. शिलाई मशीन बंद राहिलं की आतलं तेल घट्ट होतं. परत बसाल तेव्हा पहिल्या दिवशी कपडा हातात घेऊ नका. आतला कापसासारखा कचरा ब्रशने काढा, मशीनच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी थेंब-थेंब तेल सोडा, सुई बदला आणि टाकाऊ कापडावर तेलाचे डाग उमटणं थांबेपर्यंत टिपा मारत राहा.