पुदिन्याचं तेल आणि पुदिन्याचं पान

नमस्कार. टेबलावर मी दोन गोष्टी ठेवल्या आहेत. एक पुदिन्याची जुडी, सकाळी मंडईतून आणलेली. दुसरी ही तपकिरी काचेची बाटली, पुदिन्याच्या तेलाची. बाटलीच्या खोक्यावर दोन शब्द छापलेत, ‘जंतुनाशक’ आणि ‘अँटिऑक्सिडंट’. मी तीस वर्षं महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. माझ्या मते यातला पहिला शब्द बाटलीचा आहे आणि दुसरा जुडीचा. हे दोन्ही गुण तेलाच्या नावावर टाकले जातात तेव्हा पानावर अन्याय होतो, आणि तेल विकत घेणाऱ्यावरही.

आधी पानाकडे बघू. पुदिना तुळशीच्या कुळातला. देठ बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागेल. पान भिंगाखाली धरलंत तर त्यावर बारीक चकाकणारे थेंब दिसतील. त्या ग्रंथी आहेत. पान तिथे तेल तयार करतं आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली साठवतं. म्हणून पुदिना नुसता ठेवला तर वास बेताचा, चुरगळला की घमघमाट. पापुद्रा फुटतो, एवढंच घडतं.

हे तेल काढायचं तर पाला भट्टीत घालून वाफ सोडतात. पुदिन्याला गारवा देणारं मेंथॉल एकटं उकळायचं झालं तर २१२ अंश सेल्सिअस लागतील. पण पाण्याच्या वाफेबरोबर ते १००च्या आतच निघून येतं. वाफ थंड केली की खाली पाणी आणि वर तेलाची तवंग. उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल, बदायूं, रामपूर या पट्ट्यात हजारो शेतकरी हेच करतात. हिवाळ्याच्या शेवटी लावणी, पावसाआधी कापणी आणि गावातल्याच टाकीत ऊर्ध्वपातन. हे पीक मूळचं तिथलं नाही. जपानी पुदिना १९५०च्या दशकात भारतात आला आणि पुढे लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने ‘कोशी’सारख्या जाती देऊन तो तिथे रुजवला. आज जगाला लागणाऱ्या मेंथॉलचा मोठा हिस्सा या शेतांतून जातो. या तेलाचे वायदे मुंबईत होतात.

पुदिना म्हणजे एकच वनस्पती नव्हे, हेही सांगायला हवं. जपानी पुदिन्याच्या तेलात ७० ते ८० टक्के मेंथॉल असतं. पेपरमिंटच्या तेलात ते साधारण ३० ते ५५ टक्के, जोडीला मेंथोन. आणि आपण चटणीला घेतो तो पुदिना बहुधा स्पेअरमिंटच्या जातकुळीतला, त्यात मेंथॉल जवळपास नसतंच. त्याचा वास कार्व्होन नावाच्या रेणूचा. गंमत अशी की हाच रेणू आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा केला की वास पुदिन्याचा राहत नाही, शहाजिऱ्याचा आणि बाळंतशेपेचा होतो. अणू तेच, जोडणीही तीच, फक्त डावं-उजवं बदललेलं, आणि आपल्या नाकाला तेवढं कळतं. तात्पर्य, ‘पुदिन्याचं तेल’ असं कोणी म्हणालं की आधी विचारायचं, कोणत्या पुदिन्याचं?

आता जंतूंकडे येऊ. एक प्रसंग सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीने जीवाणू पसरलेल्या पेट्री डिशमध्ये चार खळगे केले. तिघांत पुदिन्याचं तेल वेगवेगळ्या प्रमाणात घातलं, चौथ्यात तुलनेसाठी नुसतं विद्रावक, म्हणजे तेल ज्यात विरघळवलं तो द्रव. दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. चारही खळग्यांभोवती वाढ नव्हती, अख्खी डिश जवळपास मोकळी! तिला वाटलं आपली काहीतरी चूक झाली. चूक नव्हती. तेलाची वाफ झाकणाखाली कोंडली गेली होती आणि त्या वाफेने चौथ्या खळग्याभोवतीचे जीवाणूही थोपवले होते. त्या दिवशी वर्गात मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि तासभर त्या एका डिशवर बोललो.

कारण त्या डिशमध्ये बरंच काही आहे. एक तर हे तेल खरोखर जीवाणू थोपवतं, वाफेच्या रूपातही. दुसरं, अशा डिशमध्ये दिसणारं मोकळं वर्तुळ मोजून तेलांची तुलना करणं फसवं आहे. डिशमध्ये जीवाणू ज्यावर वाढवतात ते जेलीसारखं आगर म्हणजे बहुतांशी पाणी, आणि तेल पाण्यात पसरत नाही. एखादं तेल जोरकस असूनही वर्तुळ लहान दिसेल, कारण ते जागचं हललंच नाही. म्हणून नेटकं काम करणारे लोक तेल पाण्यात फेटून मिसळतात आणि किती मात्रेला वाढ थांबते ते मोजतात.

ते थांबवतं कसं? जीवाणूच्या पेशीभोवती मेदाचं पातळ पटल असतं. मेंथॉल, कार्व्होन हे रेणू मेदात विरघळणारे. ते त्या पटलात घुसतात, त्याची वीण सैल करतात. पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं, ऊर्जेचा साठा गळतो आणि पेशी निकामी होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू याला लवकर बळी पडतात. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, ते तेलाला अडवतं. स्यूडोमोनास तर फारच चिवट. बुरशींवर मात्र हे तेल चांगलं चालतं, कॅन्डिडावर आणि धान्यावर येणाऱ्या ॲस्परजिलसवरही.

पण मात्रा बघा. चांगलं प्रतिजैविक मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. पुदिन्याच्या तेलाला सहसा मिलिग्रॅम लागतात, म्हणजे शेकडो ते हजारपट जास्त. एवढं तेल रक्तात पोचवणं शक्य नाही आणि सुरक्षितही नाही. त्यामुळे अंगात मुरलेल्या संसर्गावर ‘नैसर्गिक अँटिबायोटिक’ म्हणून कोणी हे सुचवलं, तर ऐकू नका, डॉक्टरांकडे जा. याबाबतीत मी कोणाचीही भीड ठेवत नाही.

अन्न टिकवायला? इथे ग्रीसमधल्या संशोधकांचं १९९५मधलं एक काम मला फार आवडतं. त्यांनी पेपरमिंटचं तेल तीन पदार्थांत घातलं आणि त्यांत मुद्दाम साल्मोनेला आणि लिस्टेरिया हे अन्नातून आजार पसरवणारे जीवाणू सोडले. पहिला पदार्थ त्झात्झिकी, म्हणजे दही आणि काकडी, आपल्या काकडीच्या कोशिंबिरीची सख्खी बहीणच. दुसरा माशाच्या अंड्यांचं सॅलड, तिसरा मांसाचा मऊ लगदा. आंबट त्झात्झिकीत साल्मोनेला सगळ्या मात्रांना मेला. आंबटपणा नसलेल्या मांसाच्या लगद्यात मात्र तेलाची डाळ शिजली नाही, तिथे लिस्टेरिया चक्क वाढला. आंबटपणात तेलाचा जोर वाढतो. चरबी आणि प्रथिनं मात्र तेलाला स्वतःशीच धरून ठेवतात, मग जंतूंसाठी ते उरत नाही. दह्यात पुदिना घालणाऱ्यांनी हे प्रयोग करून ठरवलं नसेल, पण जोडी योग्य जमली आहे. मात्र त्या प्रयोगात तेल अर्धा ते दोन टक्के होतं. कोशिंबिरीतल्या चार पानांतून त्याच्या जवळपासही तेल येत नाही. तेव्हा पुदिना घातलाय म्हणून कोशिंबीर दिवसभर बाहेर ठेवू नका.

आता दुसरा शब्द, अँटिऑक्सिडंट, म्हणजे मुक्त मूलक नावाच्या उनाड रेणूंना शांत करणारा पदार्थ. त्यासाठी अमृतधारा आठवा. पुदिनाफूल, ओवाफूल आणि कापूर एका बाटलीत घातले की तीन घन पदार्थांचं आपोआप द्रव होतं. कारण एकमेकांत मिसळल्यावर तिघांचाही वितळणबिंदू खाली येतो. यातलं पुदिनाफूल म्हणजे मेंथॉल, ओवाफूल म्हणजे थायमॉल. या दोघांचा कार्बनचा सांगाडा अगदी सारखा आहे. थायमॉलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू भरले की मेंथॉल होतं, कारखान्यांत मेंथॉल अशा रीतीनेही बनवतात. पण त्या सहा अणूंनी मोठा फरक पडतो. थायमॉल हे फिनॉल आहे. मुक्त मूलक समोर आला तर ते आपला एक हायड्रोजन देऊन त्याला शांत करतं आणि राहिलेला एकटा इलेक्ट्रॉन आपल्या वलयात वाटून घेतं. मेंथॉलचं वलय असं वाटून घेणारं उरलेलं नाही. द्यायचं म्हटलं तरी त्याला परवडत नाही.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं रसायन असतं, मूलक शांत झाले की पिवळं पडणारं. त्यात मेंथॉल घाला, जांभळं ते जांभळंच राहतं. पुदिन्याच्या तेलाने रंग थोडा उतरतो, तोही सावकाश. लवंगेच्या तेलाने झर्रकन जातो, कारण त्यातलं युजेनॉल फिनॉल आहे. आणि पुदिन्याची पानं कुटून गाळलेलं पाणी घातलं, तर ते लवंगेच्या पंगतीत बसतं.

पानात असं काय आहे? मुख्यतः रोझमेरिनिक आम्ल. इटलीत १९५८मध्ये ते रोझमेरीतून वेगळं केलं गेलं, म्हणून ते नाव. हा फिनॉलचाच भाऊबंद, पण जड, वाफेबरोबर न उडणारा. भट्टीत तेल वर निघून जातं आणि हे आम्ल खाली पाण्यात आणि चोथ्यात राहतं. तो चोथा वाळवून पुढच्या भट्टीखाली सरपण म्हणून जातो. खोक्यावर ज्याचं नाव छापलंय, तो गुण बऱ्याच अंशी चुलीत गेलेला असतो.

पानाचीही बढाई मारणार नाही. परीक्षानळीत रंग गेला म्हणजे शरीरातले आजार गेले, असं होत नाही. रोझमेरिनिक आम्ल पोटातून रक्तात थोडंच जातं आणि लवकर बदलतं. चटणी चवीसाठी खा.

आणि तेल स्वतःच हवेला घाबरतं, हे किती जणांना माहीत असतं? अर्धी रिकामी बाटली महिनोन्‌महिने उघडझाप करत वापरली तर त्यातल्या लिमोनिनसारख्या घटकांचं ऑक्सिडीकरण होतं, आणि त्यातून झालेल्या पदार्थांनी त्वचेला ॲलर्जी येऊ शकते. म्हणून गडद काच, घट्ट बूच, लहान बाटली.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या नाकाला हे तेल लावलं तर चालेल का?

नाही, अजिबात नाही. दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकातोंडाजवळ मेंथॉल नेऊ नये. त्याने स्वरयंत्र आवळून श्वास अडकू शकतो. आणि ज्यासाठी आपण ते लावतो तो मोकळेपणाही भासाचा असतो. नसांच्या टोकांना थंडी ओळखणारा एक ग्राहक असतो, टीआरपीएम-८. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांच्या गटांनी तो २००२मध्ये स्वतंत्रपणे शोधला. पुढे २०२१मध्ये या दोघांना स्पर्श आणि तापमानाच्या ग्राहकांबद्दल नोबेल मिळालं. मेंथॉल तो ग्राहक चाळवतं, मेंदूला गार हवा आल्यासारखं वाटतं, पण चोंदलेलं नाक मोजून पाहिलं तर हवेची वाट होती तेवढीच असते. मोठ्या माणसाला त्याने बरं वाटतं, त्याने खुशाल लावावं, थोडं, साध्या तेलात पातळ करून. बाळासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब, तेही डॉक्टरांना विचारून.