वॅट, ॲसिड आणि वीस मिनिटं

पत्रिकेत विषय 'घर आणि कार्यालयासाठी सफाईची यंत्रं' असा छापलाय. यंत्रांकडे येतोच. पण आधी न्हाणीघरात थोडं थांबू, कारण नागपुरात नळावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर दिसला की आपला हात थेट ॲसिडच्या बाटलीकडे जातो, आणि माझं भांडण त्या बाटलीशी आहे.

हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये साधी मांडणी केली: सफाई चार गोष्टींवर चालते. रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. आपण नेहमी वेळ कापतो आणि रसायन वाढवतो. पाहुणे दारात आल्यावर सफाई काढली की दुसरं काय होणार!

तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. लिटरभर कोमट पाण्यात तीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराण्यातलं लिंबूसत्त्व, विरघळवा. फडकं भिजवून नळाला गुंडाळा, वीस मिनिटं सोडा, मग जुन्या टूथब्रशने घासा आणि धुऊन टाका. हे पाणी फरशीवर मात्र सांडू देऊ नका. बाटलीतलं हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं तर लगेच फेस येतो आणि बघून बरं वाटतं. पण फेस थराचाही असतो आणि खालच्या कोटा फरशीचाही, कारण कोटा म्हणजे चुनखडीच. संगमरवराचं आणि जुन्या घरांतल्या मोझॅकचं तेच. उडालेली चकाकी पुसून परत येत नाही, पॉलिशवालाच बोलवावा लागतो.

याहून वाईट म्हणजे ॲसिडवर ब्लीच, म्हणजे जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत साचतो. एक्झॉस्ट पंखा छताजवळ, आणि घासणारी बाई उकिडवी बसलेली, नेमकी त्या वायूत. संडासाच्या निळ्या बाटलीतही बहुधा हेच ॲसिड असतं, तेव्हा 'मी ॲसिड वापरतच नाही' असं म्हणू नका, मागचं लेबल वाचा. वास नाकात गेलाच तर दार उघडं टाकून बाहेर या. पाणी ओतायला परत आत शिरू नका. खोकला किंवा दम थांबला नाही तर लगेच दवाखाना.

ब्लीचची आणखी एक गंमत. मे महिन्यात गच्चीवर पत्र्याखाली ठेवलेला कॅन उष्णतेने हळूहळू निकामी होतो. मग 'लागतच नाही' म्हणून दुप्पट ओततात. कॅन सावलीत ठेवा. पाच टक्क्यांचं ब्लीच लिटरभर गार पाण्यात वीस मिलिलिटर पुरे. आधी साबणाने मळ काढा, नाहीतर मळच ब्लीच खातो. मग दहा मिनिटं जागा ओली राहू द्या.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. यंत्रं घाईत घेतो.

व्हॅक्यूम क्लीनरवरचा वॅटचा आकडा विजेचा खर्च सांगतो, ओढ नाही. ओढीसाठी किलोपास्कल, म्हणजे ओढीच्या दाबाचा आकडा, बघा. १६०० वॅटला सुमारे सात अँपिअर लागतात, म्हणून सहा अँपिअरचा सॉकेट तापतो, सोळाचा वापरा. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तारही तापते. ड्रिलनंतरची सिमेंटची धूळ साध्या पिशवीत ओढू नका. पिशवी गच्च होते, हवा अडते आणि त्याच हवेवर गार होणारी मोटर तापते. ऑफिसातल्या प्रिंटरची टोनर-पावडर तर मुळीच नको.

पाणी ओढायचं तर 'वेट अँड ड्राय', म्हणजे ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूमच हवा. त्याआधी कोरडा कागदी फिल्टर काढा. टाकी भरली की आतला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगत वर येणारा तुकडा, ओढ थांबवतो, पण साबणाचा फेस हलका. तो फ्लोट न उचलता मोटरीत शिरतो.

कूलर धुताना बटण बंद करून भागत नाही, पिनच काढा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलण्यात अर्थ नाही.

मागून प्रश्न आलाय, सावजी रस्सा झाल्यावर चिमणीच्या जाळीचं काय? जाळी ॲल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक सोडा नको, तो जाळीच खातो. गरम पाणी, भांड्यांचा साबण, अर्धा तास बुडवून ठेवा.