चक्रीवादळात शिडाची बोट कशी बांधायची: दोर कुठं घासतोय ते आधी बघा

नमस्कार मंडळी. मे महिना आला, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली, की तुमचे मेसेज सुरू होतात. गोव्यातल्या बोटयार्डात काम करणारी खानापूरची पोरं विचारतात, कारवारहून विचारतात, आणि चार्टर बोटींवर नोकरीला कॅरिबियनमध्ये गेलेली आपली मुलं तर जूनपासून नोव्हेंबरपर्यंत विचारतच असतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: चाळीस फुटी शिडाची बोट आहे, वादळ येतंय, काय करू?

"बेळगावात समुद्र कुठला?" असं एकजण दरवेळी खाली लिहितो. अहो, चोर्ला घाट उतरला की मांडवीचं पाणी दिसतं. आणि आज मी ज्या जाड प्लेटा दाखवणार आहे, त्या इथं उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये कापून, भोकं पाडून मिळतात. बोट गोव्यात असली तरी अर्धी तयारी बेळगावातच होते.

आधीच्या गोष्टी पटापट सांगतो, कारण त्या बहुतेकांना माहीत आहेत.

बोट पाण्याबाहेर काढता आली तर काढा, तोच पहिला पर्याय. जमिनीवर बोटीला दोन्ही बाजूंनी जे लोखंडी टेकू लावतात, ते किलखालून (बोटीच्या तळाच्या कण्याखालून) साखळीनं समोरासमोर जोडा, नाहीतर बोट हलली की एकेक टेकू सरकत जातो. प्रत्येक टेकूखाली १८ मिलिमीटरचं प्लायवूड घाला. भराव टाकलेली जमीन चार तासांच्या पावसात मऊ होते आणि टेकू आत रुततो. बोट जमिनीत गाडलेल्या हुकांना पट्ट्यांनी आवळा. डोलकाठी उतरवता आली तर फारच चांगलं. कॉकपिटच्या (सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेच्या) पाणी जाणाऱ्या नळ्या मोकळ्या ठेवा, कारण एक पान अडकलं की कॉकपिटचा हौद होतो.

डेकवर जे जे वारा धरतं ते उतरवा. बिमिनी (कॉकपिटवरचं कापडी छत), स्प्रेहूड (पुढचा कापडी आडोसा), सोलर पॅनेल, पवनचक्कीची पाती, लाईफबॉय, सगळं. आणि गुंडाळलेलं जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड! ते पुढच्या तारेवर गुंडाळून, वर चार वेढे मारून लोक घरी जातात. वारा एकदा त्याच्या टोकात शिरला की ते उलगडतं, बोट आडवी ओढली जाते आणि बाकी सगळी मेहनत पाण्यात. जेनोआ काढायला दोन माणसं आणि शांत हवा लागते. २५ नॉट (ताशी साधारण ४६ किलोमीटर) वारा सुटल्यावर ते उतरत नाही, म्हणून हे काम वादळाच्या तीन दिवस आधीच करा. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागेपर्यंत वाट बघू नका.

एवढा आग्रह का, तर वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी १०० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण ४८ किलोचा दाब येतो. ताशी १८० ला तो १५६ किलो होतो. वेग दुप्पटसुद्धा झालेला नाही आणि दाब सव्वातीन पट. चार चौरस मीटरचं बिमिनी त्या वाऱ्याला सपाट सामोरं आलं तर एकट्या कापडावर सहाशे किलो ओढ! हवामान खातं ताशी ११८ च्या पुढं अतितीव्र चक्रीवादळ म्हणतं, आणि अटलांटिकमध्ये हरिकेन म्हणतात तेही तिथूनच सुरू होतं.

आता जागा. पाण्यातच ठेवायची असेल तर नदीत वर, वळणामागं, दोन्ही काठांना खारफुटी असलेली अरुंद खाडी शोधा. पुलाखालून जायचं असेल तर डोलकाठीची उंची अँटेनासकट मोजा आणि भरतीचा हिशेब धरा. खाडीवरून जाणाऱ्या विजेच्या तारा बघा. ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला लागली तर माणूस वाचत नाही.

आपल्या किनाऱ्यावर एक गोष्ट हमखास चुकते. वादळ पश्चिमेकडून येतं म्हणून सगळे पश्चिमेकडून आडोसा शोधतात. पण आपल्याकडची बरीच वादळं किनाऱ्याला समांतर उत्तरेकडं सरकतात. मे २०२१ चं तौक्ते तसंच गेलं, कारवार-गोव्याच्या बाहेरून वर सरकून १७ मे ला गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. उत्तर गोलार्धात वारे केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतात. म्हणजे केंद्र तुमच्या नैऋत्येला असताना वारा जमिनीवरून, आग्नेय बाजूनं येतो. केंद्र बरोबर पश्चिमेला आलं की दक्षिणेकडून आणि पुढं सरकलं की नैऋत्येकडून. वारा फिरत जातो, बोटीची नाळही (पुढचं टोक) त्याच्यामागं फिरते, आणि फक्त एका दिशेला बांधलेला दोर त्या क्षणी बिनकामाचा होतो. केंद्र थेट डोक्यावरून गेलं तर मध्ये शांतता पडते आणि मग वारा बरोबर उलट दिशेनं येतो. त्या शांततेत दोर बघायला बोटीवर चढू नका.

शेजारीही बघा. गोव्याच्या नद्यांत खनिजाचे बार्ज उभे असतात. त्यांच्या वाऱ्याखालच्या बाजूला थांबलात तर तुमचे दोर कितीही पक्के असू देत, उपयोग नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळात ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या पॅराक्विटा बे या आडोशाच्या जागी बोटी एकमेकींवर चढून ढीग झाला होता. आडोसा नावाजलेला होता, पण गर्दी फार होती.

नांगरावर राहायचं असेल तर तीन नांगर, एकमेकांपासून १२० अंशांवर, मध्ये एका जाड साखळीच्या तुकड्याला आणि फिरत्या कडीला जोडलेले. वारा कुठूनही आला तरी एक-दोन नांगर ओढ घेतात. खोलीच्या दहापट साखळी सोडा. खोली मोजताना वादळाच्या उधाणाचे दोन-तीन मीटर धरा आणि नाळेची पाण्यापासूनची उंचीही मिळवा. चार मीटर पाणी, तीन मीटर उधाण, दीड मीटर नाळ म्हणजे साडेआठ मीटर, म्हणून ८५ मीटर. "चार मीटरला ४० मीटर सोडली, बास" असं नको.

(टेबलावरचा दोराचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून)

आता हा तुकडा बघा. २० मिलिमीटरचा नायलॉन, तीन पिळांचा. नवा असताना आठ टनांच्या आसपास ओढीला तुटतो. बाहेरून इथं थोडे केस निघालेत, एवढंच. आता पीळ उकलतो. बघा, आतले धागे चिकटून काचेसारखे कडक झालेत. वाकवला की कट्कन मोडतो. हा ओढीनं तुटलेला नाही. हा घासून आणि आतून वितळून गेलाय.

वादळानंतर किनाऱ्यावर पडलेल्या बोटी बघा. बऱ्याच वेळा क्लीट, म्हणजे डेकवरची दोर बांधायची खुंटी, जागेवर असते, त्याला दोराचं फूटभर टोक लोंबत असतं, आणि तुटलेली जागा बरोबर चॉकपाशी, म्हणजे दोर बोटीच्या काठावरून बाहेर पडतो तिथं असते. म्हणून या एका वीतभर जागेवर मी आज सगळ्यात जास्त बोलणार आहे.

दोर तिथं का हलतो ते समजून घ्या. नायलॉन ताणतो, धक्का पचवतो, म्हणून तर आपण तो घेतो. पण चॉक आणि क्लीट यांच्यामधला तुकडासुद्धा ताणतो. तो ४० सेंटिमीटरचा असेल आणि ओढीनं दहा टक्के ताणला, तर प्रत्येक झटक्याला चॉकवरून चार सेंटिमीटर दोर बाहेर जातो आणि परत आत येतो. पाच सेकंदांना एक लाट धरली तर दहा तासांत ७,२०० फेऱ्या. जुन्या विहिरीच्या दगडी काठाला दोरानं पडलेल्या खाचा तुम्ही बघितल्या असतील. तिथं दगड झिजला, इथं दोर झिजतो, आणि तोही एका रात्रीत.

निपाणीच्या एका प्रेक्षकानं लिहिलंय, "मग सरळ ३२ मिलिमीटरचा दोर लावा की." नाही, नाही. एक तर तो तुमच्या क्लीटवर नीट बसणार नाही. चॉकमध्ये घट्ट बसेल, म्हणजे संरक्षणाचं आवरण घालायला जागाच नाही. आणि जाड दोर कमी ताणतो, झटका थेट क्लीटच्या बोल्टांवर जातो. त्यापेक्षा २० मिलिमीटरचे दोन दोर, दोन वेगळ्या क्लीटवर, दोन वेगळ्या वाटांनी. दुसरा जरासा सैल ठेवा. पहिला गेला की तो ओढ घेईल, आणि तोपर्यंत तो घासलेला नसेल.

"मी बागेची रबरी नळी चढवलीय" असं लिहिणारे तर प्रत्येक व्हिडिओखाली असतात. नळी काहीच नसल्यापेक्षा बरी, पण तिच्यात गोम आहे. दोर ताणतो-सैलावतो तेव्हा धागे एकमेकांवर घासून आतून तापतात. पावसाचं पाणी त्यांना थंड करतं. घट्ट प्लॅस्टिकची नळी ते पाणी आत येऊ देत नाही आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. नायलॉन २२० ते २६० अंशांना वितळतो, पण ताकद त्याच्या बरीच आधी जायला लागते. मघाचा तुकडा आठवा, बाहेरून जवळजवळ ठीक आणि आतून काच. म्हणून आवरण पाणी झिरपू देणारं हवं. अग्निशमनाचा जुना कापडी होज उत्तम, किंवा जाड कॅनव्हासचे दोन-तीन वेढे, किंवा चामडं. होजला आतून रबराचा थर असतो, म्हणून त्याला जागोजागी भोकं पाडा.

लांबी ६० ते ९० सेंटिमीटर, चॉकच्या दोन्ही बाजूंना सारखी. आणि हे आवरण बारीक दोरीनं दोराला शिवून टाका. नुसतं गुंडाळून टेप मारलेलं आवरण पहिल्या तासात सरकत सरकत दोराच्या दुसऱ्या टोकाला जातं आणि चॉकवर परत उघडा दोर. अजून चांगलं करायचं असेल तर दुसरं, मोठ्या व्यासाचं आवरण घालून ते बोटीला बांधा. मग हालचाल दोन आवरणांमध्ये होते, दोर वाचतो.

आणि तिसरा उपाय, जो फार कमी लोक करतात. चॉकवरून जाणारा तुकडा नायलॉनचा ठेवूच नका. क्लीटपासून चॉकच्या मीटर-दीड मीटर पुढंपर्यंत पॉलिस्टरचा दोर घ्या आणि पुढं नायलॉन जोडा. पॉलिस्टर बराच कमी ताणतो, म्हणून चॉकवर मागंपुढं करत नाही. धक्का पुढचा नायलॉन पचवतो. दोन्ही टोकांना डोळा (कायमचा फास) शिवून घ्या, एकातून एक ओवा. गाठ मारू नका. गाठीत दोराची जवळजवळ निम्मी ताकद जाते, नीट शिवलेल्या डोळ्यात फार थोडी.

नांगराच्या साखळीला धक्का पचवायला लावलेला नायलॉनचा दोर (स्नबर), धक्क्याच्या काँक्रीटची कड, एका दोरावरून जाणारा दुसरा दोर, सगळीकडं हाच नियम. तुमच्या बोटीभोवती फिरा आणि प्रत्येक दोर कशाला टेकतोय ते हात लावून बघा. बोट दोन मीटर वर उचलली गेली तर तो कशाला टेकेल, तेही बघा. आज मोकळा दिसणारा दोर उधाणात धक्क्याच्या कडेवरच येतो.

खारफुटीला बांधताना एका झाडावर सगळा भार टाकू नका. रुंद पट्टे खोडाच्या बुडाशी घाला, चार-पाच झाडांत भार वाटा. साखळी नको, साल कापते. फांद्या तोडायला तर कायद्यानंच बंदी आहे, आणि तेच झाड तुमची बोट धरून ठेवणार आहे.

आता त्या प्लेटा. बऱ्याच बोटींत क्लीटच्या बोल्टाखाली नुसते वॉशर असतात. वादळात ते फायबरमधून आरपार निघतात आणि क्लीट दोरासकट जातं. डेकखालून सहा मिलिमीटरची ॲल्युमिनियम किंवा ३१६ स्टेनलेसची प्लेट लावा, क्लीटच्या बुडापेक्षा चांगली मोठी, कडा गोल केलेल्या. उद्यमबागेत जाताना क्लीटच्या बोल्टांची अंतरं कागदावर छापून न्या, अंदाजानं सांगू नका.

शेवटची कमेंट, आणि या बाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही. "मी बोटीवरच थांबतो, इंजिन चालू ठेवून नांगराचा भार हलका करतो." १५० च्या वाऱ्यात पाऊस डोळे उघडू देत नाही, डेकवर रांगतासुद्धा येत नाही, आणि शेजारची बोट अंगावर आली तर तुम्ही काहीही करू शकत नाही. कॉकपिटच्या नळ्या सोडून बाकी सगळे सीकॉक (बोटीच्या तळाच्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) बंद करा, बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा, कागदपत्रं घ्या आणि उतरा. घरी या.

वादळ गेल्यावर परत गेलात की प्रत्येक दोर चॉकपाशी उकलून बघा, मी आत्ता दाखवला तसा. आत कडक, चकाकणारे धागे दिसले तर तो दोर तिथंच कापून टाका. "पुढच्या वेळी लहान बोटीला चालेल" म्हणून कुणाला देऊ नका. जे दोर चांगले निघाले त्यांची टोकं उलटी करून लावा, म्हणजे चॉकवर नवी जागा येईल.