आडनावात राहिलेली वाडी

मंडळी, नमस्कार.

इथे नॉर्वेत नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसात एक बाकेन होते, एक हाउगेन, एक मुएन. भाषा जरा कळू लागल्यावर लक्षात आलं की बाकेन म्हणजे चढण, हाउगेन म्हणजे टेकाड आणि मुएन म्हणजे माळ. ही सगळी मुळात शेतवाड्यांची नावं. आपलं 'कर' गावाला जोडलेलं असतं. नॉर्वेत लागवडीची जमीन जेमतेम 3 टक्के, बाकी डोंगर, जंगल, पाणी. जिथे माती सापडली तिथे एखादं घर वसलं, म्हणून इथे एकेका वाडीला स्वतःचं नाव.

पूर्वी ऊले नावाच्या माणसाचा मुलगा ऊल्सेन, मुलगी ऊल्सदातर, आणि त्यापुढे राहत्या वाडीचं नाव. वाडी बदलली की तेही बदलायचं. घरजावई झालेला माणूस बायकोच्या वाडीचं नाव लावायचा! कुटुंबाला एकच कायम आडनाव हवं, हा कायदा 1923 सालचा.

गुडब्रान्सदाल या खोऱ्यातल्या एका वाडीवर आम्ही उन्हाळ्यात राहिलो होतो. अंगणात धान्याचं लाकडी कोठार, खांबांवर उचललेलं. उंदीर चढू नयेत म्हणून खांब आणि कोठाराच्या मध्ये सपाट दगड. छपरावर घंटा, शेतातल्या माणसांना जेवायला बोलवायची. तिथल्या आजींनी मला चर्चच्या जुन्या नोंदी दाखवल्या. त्यांचे पणजोबा जन्माला एका नावाने, लग्नात दुसऱ्या, मृत्यूच्या नोंदीत तिसऱ्या. माणूस एकच, वाड्या तीन.

पण मला सगळ्यात चटका लावून गेलं ते एक आडनाव. आपल्या मुलांना फुटबॉलपटू मार्टिन ओडेगार्ड ठाऊक आहे. ओडेगार्ड म्हणजे ओसाड पडलेली वाडी. 1349 मध्ये बर्गनच्या बंदरात जहाजातून प्लेग आला आणि देशातली निम्मी किंवा त्याहूनही जास्त माणसं गेली. वाड्यांमागून वाड्या रिकाम्या झाल्या, शेतात झाडं उगवली. कित्येक पिढ्यांनी कुणी तिथे परत नांगर धरला, तेव्हा जुनं नाव सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. लोक म्हणत राहिले, 'ती ओसाड वाडी'. देशभर अशा कितीतरी ओडेगार्ड आहेत. इतकं मोठं दुःख या लोकांनी आडनावात सांभाळून ठेवलंय.

पुढे 1825 पासून शंभरेक वर्षांत सुमारे आठ लाख माणसं अमेरिकेला गेली. जमीन पुरत नव्हती. वाडी मागे राहिली, नाव बरोबर गेलं. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांचं आडनाव नॉर्वेतल्या फिअरलँड भागातल्या मुंदालचं.

निघताना आजींनी माझ्या आडनावाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, "कोकणातलं एक गाव आहे."

"मग तिथे आता कोण राहतं?"

मला सांगता आलं नाही. त्या रात्री आत्याला फोन लावला. ती तासभर बोलत होती, आणि मी लिहून घेत होतो.